चौथ्या पानाची दुरुस्ती

हमीद,

तुझ्या शोकसभेत मी दहा मिनिटं बोललो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या, टेबलावर तुझा फोटो होता आणि गावातला सगळ्यात जुना मास्तर म्हणून पहिल्यांदा माईक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, हमीद मिस्त्री म्हणजे इंजिनाची नाडी ओळखणारा माणूस. म्हणालो, आपल्या शिवारात असा एक पंप नसेल ज्याला त्याचा हात लागला नाही. लोकांनी माना डोलावल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे विसरून मागच्या दोघातिघांनी वाजवल्यासुद्धा. बोललो त्यात खोटं काही नव्हतं. पण जे बोलायला हवं होतं ते मी त्या दिवशीही गिळलं. माईक पुढच्याकडे दिला आणि खाली बसलो.

सभा संपल्यावर तुझ्या शबानाने मला बाजूला बोलावलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू हातात दिली. म्हणाली, "सर, अब्बांनी तुमाला द्यायला सांगितलंतं. माझ्या माघारी दे, म्हणाले."

ती काय वस्तू होती ते पुढे सांगतो. तिच्यामुळेच लिहायला बसलो आहे. हे तुला उद्देशून आहे, पण गावाने वाचावं म्हणून आहे.

आधी एक लहानशी गोष्ट. आपलं वय एकच. तुझा जन्म ज्या वर्षी, माझाही त्याच. मी तुला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं आणि तू मला शेवटच्या दिवसापर्यंत अहो-जाहो. "मास्तर, तुमी बसा, मी चा सांगतो." साठ वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की म्हणावं, बाबा रे, मलाही तू म्हण. आता वाटतं. तुला माझ्या मोठेपणाचं काय कौतुक होतं देव जाणे. मला मात्र ते आवडत होतं. पुढे जे झालं त्याची मुळं तिथेच होती.

मी लिहिलेलं ते चोवीस पानी पुस्तक, 'आपले गाव: इतिहास आणि भूगोल', सोसायटीने छापलं आणि गावातली पोरं पुढची वीसेक वर्षं त्याच्यावर चौथी पास झाली. पहिलं वाक्य अजून लोक मला रस्त्यात ऐकवतात: 'आपले गाव बालाघाटाच्या उत्तर पायथ्याशी, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले आहे.' ते वाक्य मी तुलाच पहिल्यांदा वाचून दाखवलं होतं, तुझ्या वर्कशॉपसमोरच्या लिंबाखाली.

"पर्जन्यछाया म्हंजी?" तू विचारलंस.

"पावसाची सावली. डोंगराच्या पलीकडे पाऊस पडतो, आपण सावलीत."

"सावली तर बरी आसती की, मास्तर. तुमी सावलीलाबी नाव ठेवता."

भूगोलाची तेवढी पानं मी खरी लिहिली. बरड जमीन, हातभर माती आणि खाली मुरूम. नदी आहे, पण वर्षातले दहा महिने तिच्यातून बैलगाडीची वाट जाते. तरवड, हिवर, बाभूळ. डोंगराच्या उतारावर सीताफळं. बाजरी, करडई, जमलं तर कापूस. पाऊस झाला तर गाव, नाही झाला तर कोयते घेऊन घाटाखाली ऊसतोडीला. हे सगळं बरोबर होतं. खोटं आहे ते चौथ्या पानावर, फक्त एका परिच्छेदात.

बहात्तरच्या दुष्काळात आपली खरी ओळख झाली. माणसं खडी फोडायला जात होती, शाळा नावाला भरत होती आणि मला दुष्काळी कामावर हजेरी लावायला बसवलं होतं. इंजिनं सगळी जागेवर होती, विहिरीत पाणी नव्हतं. त्यामुळे तू रिकामा. दक्षिणेच्या माळावर ते चौदा दगडी खांब ओळीने उभे होते, डोंगरापासून थेट वेशीपर्यंत. पुरुषभर उंच, चौकोनी, चुन्यात बांधलेले. माथ्यावर प्रत्येकाला थाळीएवढं भोक. कोणी त्यांना देवाचे म्हणे, कोणी चोरांचे. म्हातारी माणसं उसासे म्हणायची, पण का ते त्यांनाही सांगता येत नसे.

एका दुपारी पाहतो तर तू नवव्या खांबावर चढून बसलेला. हातात लांब लोखंडी सळई. इंजिनाचं बेअरिंग खराब झालंय का हे बघायला तू जशी एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावायचास, तशी ती सळई तू खांबाच्या पोटात सोडली होती आणि डोळे मिटून कान टेकवला होता.

"काय रे, खांबाचा पंप बिघडला का?" मी खालून ओरडलो.

"मास्तर, वर या."

"कावून?"

"या तर. उगं तोंड वाजवू नका."

धोतर खोचून चढलो. सळईला कान लावला. आधी माझ्याच रक्ताचा आवाज आला. मग त्याच्या मागून एक बारीक, न तुटणारा आवाज. भर वैशाखात, सगळ्या तालुक्यात घोटभर पाणी नसताना, आपल्या पायाखालून पाणी चालत होतं.

दुसऱ्या दिवशी तू ते सिद्धही केलंस. सुताराकडून पोतंभर भुसा आणलास. डोंगराच्या पायथ्याशी तरवडाच्या जाळीत बुजलेली ती पायऱ्यांची विहीर तूच शोधलीस. तिच्या तळाशी पाणी होतं आणि कोनाड्यासारख्या एका तोंडातून ते आत ओढलं जात होतं. तिथे आपण भुसा सोडला. मग खांबाखांबाशी दोरीला डबा बांधून बसलो. असरची, तिसऱ्या प्रहरची अजान व्हायच्या थोडं आधी नवव्या खांबातून डबा वर काढलास आणि माझ्यासमोर धरलास. पाण्यावर भुसा तरंगत होता.

मी वेड्यासारखा हसायला लागलो. तू नाही हसलास. तू तो डबा मांडीवर घेतलास आणि म्हणालास, "म्हंजी आमचा दादा येडा नव्हता."

तुमच्या घराला गाव नहरवाले म्हणायचं. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तुझा दादा, म्हणजे आजोबा, शेख करीम, म्हातारपणी रोज सकाळी माळावर जाऊन एकेका खांबावर चढायचा, आतला पाला, पाखरांची घरटी काढायचा. लोक हसायचे. पोरं मागे लागायची, "येडा करीम, खांब पुसतो." तू सुद्धा लाजेने त्याच्याबरोबर जायचा नाहीस, हे तू त्या दिवशी मला सांगितलंस. नहर, म्हणजे ही जमिनीखालची पाण्याची वाट, बंद पडायला नको म्हणून तो म्हातारा एकटा तिची निगा राखत होता, आणि त्याने सांगितलेलं घरात कोणी ऐकलं नव्हतं.

पुढचे दोन महिने आपण माळावर होतो. दोरीने अंतरं मोजली. तू नळाचा एक तुकडा उकरून दाखवलास, पक्क्या भाजलेल्या खापराचा, एकात एक बसवलेला. उसासे कशासाठी तेही तूच सांगितलंस: नळात हवा कोंडली की पाणी अडतं, ती हवा सोडायला हे खांब. "मास्तर, डिझेलच्या पायपात हवा धरती न्हाई का, तसंच." मला, भूगोलाच्या मास्तराला, ते तोवर सुचलं नव्हतं. मी शाळेच्या चित्रकलेच्या कागदावर नकाशा काढला. पंचायतीकडे अर्ज केला, की वेशीजवळचा हौद साफ करून पाणी तिथे घ्यावं. पाऊस पडू द्या मग बघू, असं उत्तर आलं. पुढच्या साली पाऊस पडला आणि सगळ्यांना विसर पडला.

तू एकच विचारलं होतंस. "पुस्तकात दादाचं नाव यील ना?"

मी म्हणालो, "येईल. तुझंही येईल."

मग सोसायटी आली. उपसा सिंचनाची सहकारी संस्था. आज त्या दिवसांना नावं ठेवणं सोपं आहे, पण मीही तेव्हा भारावलो होतो. नव्या तलावातून पाणी उपसायचं, बरडावर ऊस लावायचा, तेलगावच्या बाजूला होतो तसा. सोसायटीचं गोदाम, ऑफिस, पुढे हायस्कूलही. चेअरमन धडाडीचा माणूस होता. ऑफिसच्या आणि गोदामाच्या जोत्याला घडीव दगड हवा होता, आणि तो माळावर फुकट उभा होता. पण तालुक्याच्या ऑफिसातून एक कागद आला: सदर खांबांस ऐतिहासिक महत्त्व आहे किंवा कसे, याबाबत शाळेच्या शिक्षकांचा अभिप्राय पाठवावा.

तो कागद घेऊन चेअरमन शाळेत आले. हमीद, मी आजवर तुला, स्वतःला आणि आमच्या घरात हेच भासवत आलो की माझ्यावर दबाव होता. दबाव नव्हता. ते खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमाला वाटतंय ते लिवा. आमचं काय न्हाई."

मी म्हणालो, "साहेब, ती जुनी नहर आहे. अजून पाणी चालतं तिच्यात."

"आसंल. निजामाच्या काळातलं कायतरी. आपली पाईपलाईन येतीय, मग त्या खापराचं काय करायचं?" आणि मग, हसत, उठता उठता: "कोणी शोधलं म्हणे? त्या हमीद मिस्त्रीनं? चौथी शिकलेल्यानं? मंग गुरुजी, भूगोल शाळंत कोण शिकवतंय, तुमी का मिस्त्री?"

शिपाई हसला. मीही हसलो. ते गेले. वर्गात पोरं पाढे म्हणत होती आणि माझे कान तापले होते. मी कागद ओढला आणि लिहिलं की सदर खांब पूर्वीच्या जहागिरीची हद्द दाखवण्यासाठी उभारलेले असून त्यांस विशेष ऐतिहासिक महत्त्व दिसत नाही. खाली सही केली. हायस्कूलची हेडमास्तरकी मला नंतर मिळाली, ते खरं. पण ती माझ्या डोक्यात तेव्हा नव्हती. डोक्यात होता तो शिपाई. हे तुला सांगायला मला जन्म लागला. तुझ्या हुशारीचा मला राग आला होता.

खांब पाडायला सुरुवात झाली तेव्हा मी तिथे होतो, तूही होतास. तू मला काही विचारलं नाहीस. तुला वाटलं असणार, मास्तरांनी प्रयत्न केला पण कोणी ऐकलं नाही. वरचे चार खांब पाडून झाले. पाचव्याचा पाया फोडला तेव्हा आतून ओली वाळू निघाली आणि तिच्यात एक बेडूक. आजूबाजूला सगळा माळ भट्टीसारखा तापलेला. मजुरांनी हातातलं काम थांबवलं. एकजण म्हणाला, "आयला, ह्यो हितं कुठून आला बे?" मुकादमाने माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, बेडूक कसा काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तूही.

मी म्हणालो, "मागच्या पावसाळ्यातला राहिला असेल."

तू एक क्षण माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मग खाली वाकलास, तेलाच्या रिकाम्या डब्यात तो बेडूक घेतलास, वर ओली वाळू टाकलीस आणि चालू लागलास. वर्कशॉपच्या टाकीत तू तो सोडलास. पुढे किती दिवस होता कोण जाणे, मी तिथे आलो की तुझी पोरं टाकीत डोकावून म्हणायची, "मास्तरांचा बेडूक." तू त्यांना गप्प करायचास.

अकरा खांब गेले. शेवटचे तीन वेशीकडचे, तेवढा दगड लागला नाही म्हणून राहिले.

सोसायटीच्या उद्घाटनाला पुस्तक निघालं. चौथ्या पानावर मी माझ्या अभिप्रायाचीच वाक्यं घातली होती. एकदा सहीनिशी लिहिल्यावर पुस्तकात वेगळं कसं लिहिणार? नहर नाही, करीमचाचा नाही, तू नाहीस. मांडवात तू मागच्या रांगेत उभा होतास. मी तुला एक प्रत दिली, 'प्रिय हमीदस' असं लिहून. लाज वाटायला हवी होती. त्या दिवशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तू शाळेत आलास. हात धुऊन, स्वच्छ सदरा घालून आलास, हे मला आठवतं, कारण तुझे हात मी स्वच्छ क्वचितच पाहिले. पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलंस. तुझं शिक्षण उर्दू शाळेतलं, मराठी तू बोट ठेवून वाचायचास. बोट चौथ्या पानावर ठेवून म्हणालास, "मास्तर, ह्ये पान चुकलंय. छापणाऱ्याची चूक दिसती."

मी तुझ्याकडे बघितलं. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. तू वाट बघत होतास. तू मला एक दार उघडून दिलं होतंस आणि मी त्यातून आत यावं म्हणून तू ते धरून उभा होतास. आत येऊन मी म्हणायला हवं होतं, नाही रे, चूक माझी.

मी म्हणालो, "हो. छपाईत घोळ झालाय. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"बरं," तू म्हणालास. पुस्तक रुमालात बांधलंस आणि गेलास.

त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं तू मला तेच विचारलंस. ईदला शीरखुर्मा घेऊन आलास की, सीताफळांची पाटी दारात उतरवलीस की, एस.टी. स्टँडवर भेटलास की. "मास्तर, दुसरी आवृत्ती कवा?" "निघेल." "निघू द्या. मी दम धरतो." लोकांना वाटायचं ही आपली दोघांची गंमत आहे. मीही गंमत असल्यासारखं हसायचो. माझी बायको गेली तेव्हा तू तेरा दिवस रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसलास. त्या तेरा दिवसांत तू एकदाही ते विचारलं नाहीस. चौदाव्या दिवशी विचारलंस. मला इतकं बरं वाटलं, की जग पुन्हा सुरू झालं.

पण एकदा ती गंमत नव्हती. तलाव केव्हाच आटला होता. सोसायटीचे पाईप उखडून गेले, गोदामात आता मिरचीची गिरणी आहे. ऊस आपल्या शिवारात आला नाही, आपलीच माणसं उसाकडे गेली; दसरा झाला की शिरूरच्या रस्त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून जातात, चूल, कोंबड्या, म्हातारे, सगळं घेऊन. आणि उन्हाळ्यात टँकर. तसाच एक टँकर वेशीत आला, बायका धावल्या, ढकलाढकलीत तुझी बायको, आमच्या भाभी, पाईपाला अडकून पडल्या आणि खुबा मोडला. मी बघायला आलो. भाभी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तू दारापर्यंत मला पोचवायला आलास आणि हळूच म्हणालास, "मास्तर, दुसरी आवृत्ती जरा लवकर काढा."

तेवढंच. नहर साफ केली असती तर वेशीतल्या हौदात किती पाणी आलं असतं, गावाला पुरलं असतं का, मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं. पण भाभींना त्या टँकरमागे पळावं लागलं नसतं एवढं पाणी त्या आवाजात होतं. मी घरी आलो, जुना नकाशा काढला, कोरा कागद घेतला. आणि लिहिलं नाही. लिहिलं असतं तर आधीचं खोटं ठरलं असतं, हायस्कूलच्या भिंतीवर माझा फोटो होता, पोरं मला सर म्हणत होती. भाभी शेवटपर्यंत लंगडत चालल्या. मी त्यांच्या हातचा चहा पीत राहिलो.

आता या महिन्याचं सांगतो, जे तुला मी सांगितलं नाही.

नगरपंचायतीचा एक तरुण इंजिनिअर माझ्याकडे आला होता. वेशीबाहेर गाळे बांधायचे आहेत, राहिलेल्या तीन खांबांच्या जागेवर. कोणीतरी हरकत घेतली म्हणून जुनी फाईल काढली तर तिच्यात माझा अभिप्राय निघाला, सोबत चौथ्या पानाची झेरॉक्स. फार अदबीने म्हणाला, "सर, तुमचंच आहे ना? तेच पुन्हा एकदा सही करून द्या, विषय मिटेल." हमीद, मी पेन काढलं होतं. चष्मा सापडेना म्हणून त्याला सोमवारी ये म्हणालो. चष्मा माझ्या कपाळावर होता.

त्याच दिवशी दुपारी तुझ्याकडे आलो. तू अंथरुणाला खिळलेला, श्वास लागत होता. मला ओळखलंस. ओठ हलले, मी कान जवळ नेला. "दुसरी..." एवढंच म्हणालास. मी तुझा हात धरला आणि म्हणालो, "निघेल रे." इंजिनिअरचं बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

शबानाने दिलेलं ते पुडकं मी घरी येऊन उघडलं. ते पुस्तक होतं. 'प्रिय हमीदस', माझं वळणदार अक्षर. पानं तेलकट, कोपरे मऊ झालेले. चौथं पान उघडलं. त्या परिच्छेदावर तू एक पांढरी पट्टी चिकटवली होतीस. ट्यूबचं पंक्चर काढायचं सोल्यूशन वापरलं होतंस, त्याचा वास अजून येतो. पट्टी अगदी मापात कापलेली, वरची एक ओळ नाही, खालची एक ओळ नाही, नेमका तेवढाच परिच्छेद झाकलेला. आणि ती कोरी होती.

मी शबानाला विचारायला गेलो. ती म्हणाली, "मी कितींदा म्हणलं सर, की अब्बा, मी लिहिते ना, मी पण मास्तरीण हाय. तर म्हणायचे, न्हाई. ते सरांचं काम हाय. तू हात लावू नको."

सोमवारी इंजिनिअर यायच्या आधी मीच नगरपंचायतीत गेलो. दोन पानी जबाब लिहून नेला, सोबत बहात्तरचा तो नकाशा. आवक खिडकीवरचा क्लार्क माझाच विद्यार्थी. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

"सर, तुमच्या पुस्तकावर आमी चौथी पास झालो. आता एवढ्या वर्षांनी कावून बदलता?"

"चूक होती."

"मंग तवा बरोबर कोण व्हतं?"

"हमीद मिस्त्री."

"पंपवाले?"

"पंपवाले," मी म्हणालो.

त्याने शिक्का मारला. गाळे थांबतील का मला माहीत नाही. नहर चालू आहे का तेही माहीत नाही. येताना शेवटच्या खांबाशी थांबलो. वर चढणं आता होत नाही, सळईही नव्हती. दगडाला कान लावून उभा राहिलो. माझे कान तुझ्याआधीच गेलेत. काहीच ऐकू आलं नाही. एक बाई शेळ्या घेऊन चालली होती, म्हणाली, "बाबा, चक्कर आली का?" मी म्हणालो, नाही. ती थोडी पुढे जाऊन वळून बघत राहिली. करीमचाचाला लोक कसे बघत असतील ते कळलं.

घरी येऊन तुझ्या पट्टीवर लिहिलं. अक्षर पूर्वीसारखं राहिलं नाही. पण जागा तू मोजून ठेवली होतीस. जे लिहिलं ते असं:

'गावाच्या दक्षिणेस माळावर जे चौदा दगडी खांब होते ते हद्दीचे नव्हते. डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीतून गावातील हौदापर्यंत खापरी नळाने पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीचे ते उसासे होते. या नहरीची निगा राखणारे शेवटचे गृहस्थ शेख करीम नहरवाले. ते वेडे नव्हते. नहरीत पाणी चालू असल्याचे बहात्तरच्या दुष्काळात त्यांचे नातू शेख हमीद मिस्त्री यांनी शोधून काढले. पुस्तक लिहिताना लेखकाला हे सर्व ठाऊक होते.'

खाली बोटभर जागा उरली. तिथे आणखी एक ओळ घातली, जी तुला त्या सकाळी शाळेत, तुझं स्वच्छ धुतलेलं बोट पानावर असताना सांगायची होती:

'ही छपाईची चूक नव्हती.'